दुखण्याचं नाव शोधताना

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. विज्ञानाशी माझी ओळख दहावीच्या पुस्तकाबरोबर संपली. अशा माणसानं आरोग्याच्या संशोधनावर बोलावं, याचं तुमच्यापैकी काहींना हसू आलं असेल. मलाही आलं असतं. पण गेल्या वर्षी आमच्या घरात एक प्रश्न आला आणि त्याचं उत्तर शोधता शोधता मी भलत्याच मुलखात जाऊन पोचलो. त्या वाटेची हकीकत आज सांगायची आहे.

ईदच्या दुसऱ्या दिवशी माझी भाची जालन्याहून आली होती. वय सदतीस, दोन मुलींची आई. दुपारी स्वयंपाकघरात मुलींना बाहेर पिटाळून तिनं माझ्या बायकोला हलक्या आवाजात विचारलं, "मुमानी, अम्मी को हुआ सो मेरे को बी होंगा क्या?" मला ते रात्री कळलं. मामूला विचारायचं तिच्या मनात आलं असेल, पण जीभ रेटली नसेल.

तिची अम्मी म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही तिला आपा म्हणायचो. अंबड तालुक्यातल्या एका खेड्यात तिचं सासर होतं. माझ्या कविता पहिल्यांदा ऐकणारी तीच. २००५ साली ती गेली, तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती. वर्ष-दीड वर्ष तिच्या अंगावरून जात होतं. तिनं कुणाला सांगितलं नाही. बायकांचं असतंच, म्हणून दुखणं अंगावर काढलं. डॉक्टरकडे नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. घरात आम्ही सगळे त्याला 'पिशवीचं दुखणं' म्हणत राहिलो. त्या आजाराचं खरं नाव आमच्या घरात कधी मोठ्यानं उच्चारलंच गेलं नाही.

भाचीच्या प्रश्नानंतर मी आपाचे जुने कागद काढले. एका पिवळ्या पडलेल्या कागदावर इंग्रजीत 'सर्व्हायकल' असा शब्द होता. तो मोबाइलवर टाकला. समोर काय आलं असेल? मानेचे पट्टे, उशा, तेलं आणि मान वळवण्याचे व्यायाम! आपल्याकडे 'मला सर्व्हायकल आहे' असं कुणी म्हटलं की मान दुखतेय असाच अर्थ होतो ना, तसंच झालं.

पुढे शब्दकोशात पाहिलं तेव्हा उलगडा झाला. लॅटिनमध्ये सर्व्हिक्स म्हणजे मान. गर्भाशयाचा खालचा निमुळता भाग लॅटिन जाणणाऱ्या वैद्यांना मानेसारखा दिसला. आपल्या लोकांना तोच भाग तोंडासारखा दिसला, म्हणून आपण त्याला गर्भाशयमुख म्हणतो. खेड्यात 'पिशवीचं तोंड' म्हणतात. शरीर तेच, पण एका भाषेला मान दिसली आणि दुसरीला तोंड. कवी म्हणून मला याची मौज वाटली. मामा म्हणून मात्र काळजी वाटली, कारण एका शब्दाची गल्ली चुकली की माणूस कर्करोगाऐवजी उशांच्या दुकानात जाऊन पोचतो.

माझे एक मित्र निवृत्त ग्रंथपाल आहेत. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कविराज, तुम्ही बाजारात शोधताय. ग्रंथालयात शोधा." आणि त्यांनी मला 'पबमेड' दाखवलं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही सूची आहे. त्या ग्रंथालयात १८७९ पासून वैद्यकीय लेखांची छापील सूची निघत असे. १९९६ पासून ती संगणकावर सगळ्यांसाठी खुली झाली. आज तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक लेखांच्या नोंदी आहेत. पैसे पडत नाहीत आणि तुम्ही डॉक्टर आहात का, असंही कुणी विचारत नाही. बहुतेक नोंदींबरोबर लेखाचा सारांश असतो, आणि लाखो लेख तर पूर्ण वाचता येतात.

पण एवढ्या ढिगात नेमकं सापडावं कसं? यासाठी त्या ग्रंथालयानं १९६० पासून एक शब्दसंग्रह सांभाळला आहे. आमच्या घरात ज्याला बुखार म्हणतात त्याला शेजारी ताप म्हणतात आणि दवाखान्यात फीवर. तिन्ही शब्द एकाच खुंटीला टांगले तरच शोधणाऱ्याचं काम सोपं होतं. या संग्रहात अशा सुमारे तीस हजार खुंट्या आहेत. आपाच्या आजाराची खुंटी आहे 'युटेराइन सर्व्हायकल निओप्लाझम्स'. तुम्ही इंग्रजीत साधं 'सर्व्हायकल कॅन्सर' लिहिलंत तरी यंत्र आपला कोश उघडून त्या खुंटीवरचंही सगळं काढून देतं. मी हट्टानं मराठीत 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' असं लिहून पाहिलं. उत्तर आलं शून्य.

मित्र म्हणाले, "आता आजाराच्या नावाला गावाचं नाव जोडा. मध्ये इंग्रजी 'अँड' लिहा. मराठवाड्यातले जिल्हे एकेक करून घाला." मी धाराशिव घातलं, फारसं काही हाती आलं नाही. ते हसून म्हणाले, "अहो, जुनं नाव घाला." मी उस्मानाबाद लिहिलं. आणि जे समोर आलं ते वाचून मी त्या रात्री झोपलो नाही.

तो लेख एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आलेला. शीर्षकात नुसतं 'ग्रामीण भारत' असं आहे, जिल्ह्याचं नाव आत. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केलेलं ते काम. ऑक्टोबर १९९९ मध्ये सुरू झालेलं. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांचे ५२ गट पाडले. त्यांतल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी बायका त्यात होत्या. त्यांचे चार भाग केले. पहिल्या भागात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात सौम्य ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या भागात वेगळी तपासणी नाही.

पुढची आठ वर्षं या सगळ्या गावांवर लक्ष ठेवलं गेलं. विषाणूची तपासणी देऊ केलेल्या ३४ हजार १२६ बायकांमध्ये या कर्करोगानं ३४ जणी गेल्या. चौथ्या भागातल्या ३१ हजार ४८८ बायकांमध्ये ६४ जणी. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बाकीच्या दोन पद्धतींनी मृत्यूंत म्हणावी तशी घट दिसली नाही.

श्रोतेहो, हे न्यूयॉर्कच्या किंवा लंडनच्या बायकांबद्दल नव्हतं. आपाच्या गावापासून एसटीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच्या, तिच्यासारखाच ज्वारीत राबणाऱ्या बायकांबद्दल होतं. निकाल आला तेव्हा आपाला जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्यासाठी तो उशिराच ठरला, त्याला कुणाचा इलाज नव्हता. पण २००९ सालापासून तो कागद उघड्यावर होता, आणि तिच्या लेकीपर्यंत पोचायला त्याला पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला. तेवढी वर्षं ती मनात धाक घेऊन वावरली.

मग आणखी शोधत गेलो. एक कागद वाचून थांबू नका, ही मित्राची दुसरी शिकवण. २०१४ साली मुंबईच्या वस्त्यांमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झालेला आहे. तिथं दहावी-बारावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन, त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी डोळ्यांनी पाहणी करवली. तिथं मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आमच्याकडे ज्या पद्धतीनं फारसा फरक पडला नव्हता, तीच पद्धत पुन्हापुन्हा वापरल्यावर उपयोगी पडली. दोन्ही कागद शेजारी ठेवले नसते तर मी एकच बाजू घेऊन सगळ्यांना सांगत सुटलो असतो.

उस्मानाबादच्या अभ्यासावर झालेला वादही त्याच शोधात सापडतो. चौथ्या भागातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, असा प्रश्न काही अभ्यासकांनी जाहीरपणे विचारला आणि संशोधकांनी त्याला उत्तर दिलं. त्या चौसष्ट जणींचा आकडा वाचताना माझाही घास अडकला होता. खुली माहिती असण्याचा एक अर्थ हाही, की असे प्रश्न विचारण्यासाठी लागणारे आकडे प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात असतात.

हे आकडे येतात कुठून, याचंही मला कुतूहल वाटू लागलं. इंडियन कॅन्सर सोसायटीनं १९६३ साली मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. तिची एक शाखा १९७८ साली आपल्या शहरात निघाली. आयुष्य इथं गेलं, पण मला याचा पत्ता नव्हता. आणि १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात येतात.

शहरात रुग्णालयाची दप्तरं चाळली की नोंद मिळते. खेड्यात आजारी माणूस रुग्णालयापर्यंत पोचतोच असं नाही. म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव गेले. लोकांना गोळा करून अमुक त्रास आहे का, तमुक लक्षण आहे का, असं विचारू लागले. अंगावरून जाणं हा विषय चारचौघांत निघाला. यातून जे घडलं ते १९९५ च्या एका नियतकालिकात नोंदलेलं आहे. त्या भागातल्या बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यात डॉक्टरकडे येऊ लागल्या. कार्यकर्ते गेले होते मोजायला, आणि त्यांनी विचारलं म्हणून बायका बोलत्या झाल्या. आपाला असं कुणी विचारलं असतं तर? हा विचार मनातून जात नाही.

आता आपल्या जिल्ह्याचं सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. १९९२-९३ पासून त्याच्या फेऱ्या होत आल्या आहेत. पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. तिच्यात प्रत्येक जिल्ह्याचं स्वतंत्र पत्रक आहे आणि ते कुणालाही उघडून पाहता येतं. मी उत्साहानं औरंगाबाद उघडलं, वाचायला लागलो. थोड्या वेळानं लक्षात आलं की हे औरंगाबाद बिहारमधलं आहे! तिथंही याच नावाचा जिल्हा आहे. मी पंधरा मिनिटं परक्या जिल्ह्याच्या आकड्यांवर हळहळत बसलो होतो.

आपल्या शहराचं आणि जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. नावांच्या वादात मला इथं शिरायचं नाही. शोधणाऱ्याला मात्र दोन्ही नावं पाठ हवीत. जुने आकडे जुन्या नावाखाली आहेत आणि नवे नव्या नावाखाली येणार. बीडचंच बघा. २०११ च्या जनगणनेत त्याचं इंग्रजी स्पेलिंग 'बिड' असं आहे, दुसरीकडे 'बीड'. मित्रानं यावर एक तोडगा सांगितला. त्या जनगणनेत प्रत्येक जिल्ह्याला एक क्रमांक आहे. आपल्या जिल्ह्याचा ५१५, उस्मानाबादचा ५२५. त्या जनगणनेचे तक्ते पाहताना नावाऐवजी क्रमांक धरला की बिहारला जायची वेळ येत नाही.

याच सर्वेक्षणातला एक आकडा मी वहीत लिहून ठेवला आहे. देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या बायका १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत. दुसरीकडे, लिऑनच्या त्याच संस्थेचा खुला अंदाज सांगतो की २०२२ या एका वर्षात भारतात या आजाराच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण होत्या आणि सुमारे ८० हजार बायका दगावल्या. तो अंदाज उभा आहे बार्शीसारख्या नोंदण्यांवर.

आजाराचं मूळ कुठं आहे, हेही खुल्या पानांवर मिळालं. एचपीव्ही हा विषाणू या कर्करोगाला कारण होतो, हे दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ साली नोबेल मिळालं. या विषाणूच्या सर्वांत घातक प्रकाराची जनुकीय संहिता १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. 'जेनबँक' नावाची खुली पेढी १९८२ पासून अशा संहिता जमा करते. तिथं तो विषाणू मी पाहिला. चारच अक्षरांच्या वर्णमालेत लिहिलेली सुमारे ७ हजार ९०० अक्षरं. मी आत्ता वाचतो आहे त्या भाषणात त्याहून जास्त अक्षरं आहेत. एवढ्याशा मजकुरानं माझी आपा नेली.

पण या शोधातून भाचीचं उत्तर मिळालं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्या शरीरात तो ठाण मांडतो आणि कर्करोग व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं घेतो. तपासणीला अवधी मिळतो तो इथंच. म्हणजे आईला झाला म्हणून मुलीला वारशानं येणारच, असा हा आजार नाही. आणि आईला झाला नाही म्हणून कुणी निर्धास्त राहावं, असाही नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सर्वसाधारणपणे तिशीपासून पाच ते दहा वर्षांच्या अंतरानं विषाणूची तपासणी करावी. निदान पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत पुन्हा एकदा तरी व्हावीच. मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेल्या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे सगळं वाचून मी डॉक्टर झालो नाही. शोध घ्यायचा तो नीट प्रश्न विचारता यावा म्हणून, उपचार ठरवण्यासाठी डॉक्टरच हवा. लेख वाचताना मी तीन गोष्टी आधी पाहतो. अभ्यास माणसांवर झाला की उंदरांवर? किती जणांवर आणि किती वर्षं? आणि त्याचा पैसा कुठून आला? कुणी नव्या औषधाच्या चाचणीचं नाव सांगून पैसे मागितले, तर भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही २००७ पासून सर्वांना खुली आहे. २००९ पासून अशी नोंद बंधनकारक आहे. तिथं ती चाचणी आहे की नाही, हे घरबसल्या पाहता येतं.

आणि त्या लाखो नोंदींत कुणाचंही नाव नाही. सुरुवातीला मला ते कोरडं वाटलं. नंतर पटलं. ज्या दुखण्याबद्दल बाई घरातसुद्धा बोलत नाही, ते तिच्या नावानिशी जगापुढे कसं ठेवायचं? नाव झाकलं आणि माहिती उघडी केली, म्हणून तर त्या बायकांचं दुखणं दुसऱ्यांच्या कामी आलं.

भाची तपासणीला गेली. एकटी गेली नाही, जावेला आणि नणंदेला बरोबर घेऊन गेली. तिघींचंही ठीक निघालं. परत आल्यावर मला फोन केला. पहिल्यांदाच माझ्याशी थेट त्या विषयावर बोलली. म्हणाली, "मामू, त्या अभ्यासातल्या बायका मराठी बोलणाऱ्या. मग तो कागद मराठीत का नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काम मात्र होतं. मी त्या लेखातला मुख्य भाग एका पानात साध्या मराठीत लिहिला. एका डॉक्टर बाईंकडून तपासून घेतला. त्यात 'निओप्लाझम' नाही, 'गर्भाशयमुख' एकदाच आहे, कंसात 'पिशवीचं तोंड'. 'अंगावरून जाणं' हे शब्द जसेच्या तसे ठेवले. भाचीनं तो कागद तिच्या बचत गटात वाचून दाखवला. वाचून झाल्यावर कुणी काही बोललं नाही म्हणे. मग एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "माझ्या सुनेला हेच होतंय."

आयुष्यभर कविता लिहिल्या, टाळ्याही मिळाल्या. पण माझ्या लिहिण्याला एवढी दाद कधी मिळाली नव्हती. ती सून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली.